वाळूतनं निघणारं विमान

संपादकांनी निरोप धाडला, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहून द्या. मी दोन दिवस बसलो, चार पानं फाडली आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी ठरवलं, गंमत आपल्याला जमायची नाही. जे डोक्यात रुतून बसलंय तेच लिहितो. छापायचं तर छापा, नाहीतर बंबात घाला.

मी दस्तगीर मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. पॅटर्नमेकर म्हणजे काय, हे माझ्या घरातल्यांनाही कधी नीट कळलं नाही. सासू मला सुतारच समजायची आणि दरवर्षी एक मोडका पाट दुरुस्तीला पाठवायची. तर सांगतो. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची असली, ऑईल इंजिनाचं चाक म्हणा, पंपाचं घर म्हणा, की आधी तशीच वस्तू लाकडात करावी लागते. तो पॅटर्न. मोल्डर तो पेटीतल्या ओल्या वाळूत बसवतो, वाळू ठोकून घट्ट करतो आणि मग पॅटर्न अलगद वर उचलून घेतो. मागं जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. गार झालं की वाळू फोडायची, वस्तू तयार.

सगळी मेख त्या अलगद उचलण्यात आहे. पॅटर्नच्या बाजू अगदी सरळ उभ्या असल्या तर वर घेताना वाळू घासते, ढासळते आणि मोल्डर तुमच्या सात पिढ्या उद्धरतो. म्हणून आम्ही प्रत्येक बाजूला जरासा उतार देतो. तोंडाशी रुंद, बुडाशी किंचित अरुंद. बादली असते ना, तशी. फक्त डोळ्याला दिसणार नाही इतका. हा उतार नकाशात काढलेला नसतो, मिस्त्रीच्या हातात असतो. प्रत्येकाचा वेगळा. माझा जरा सढळ होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. चंदगडकडचा एक पावणा काजू फोडायच्या यंत्राचा नकाशा म्हणून विडीच्या कागदावर मारलेल्या दोन रेघा घेऊन आला. मी विचारलं, "माप काय?" तर म्हणाला, "काजूएवढं की! आनि काय?" आणि पिशवीतनं मूठभर काजू काढून माझ्या बाकावर ओतले. त्यातले निम्मे आम्ही बोलता बोलता खाल्ले आणि उरलेल्यांवरनं मी माप घेतलं. यंत्र चाललं बरं का. असल्या गोष्टी शंभर सांगीन, पण त्या सांगून मला झोप लागत नाही.

माझ्या पॅटर्नवर सगळ्यात जास्त हात फिरला तो दत्तूदादाचा. दत्तूदादा आमच्या फौंड्रीतला मोल्डर. अठरा वर्षं मी लाकूड करायचं आणि त्यानं वाळूत घालायचं. तोंडाचा फटकळ, पण काम असं की पेटीतनं पॅटर्न काढताना वाळूचा कण हलायचा नाही. काढायच्या आधी पॅटर्नला दोन्ही बाजूंनी हलक्या टिचक्या मारून सैल करायचा, मग नाकासमोर सरळ वर. "दस्तगीरचा पॅटर्न गाईसारखा हाय, वढावं लागत न्हाय," असं सगळ्यांच्या देखत म्हणायचा. त्या एका वाक्यावर मी महिना काढायचो.

पुढं त्याला साखर लागली आणि डोळे गेले. माणसाची सावली तेवढी दिसायची. नोकरी सुटली. पण मान ताठ, कारण पोरगं विलास डिप्लोमा करून बेंगलोरला विमानं करणाऱ्या एका कंपनीत लागलेलं. नकाशा खात्यात! वहिनींनी, म्हणजे दत्तूदादाच्या बायकोनं, सगळ्या गल्लीत पेढे वाटले. विलासची पत्रं यायची. आमचं खातं नवीन विमान काढतंय, उसावर औषध मारायचं, शेताच्या रस्त्यावर उतरणारं. पंख डोक्यावर, पंखा मागच्या बाजूला, शेपट्या दोन. दत्तूदादा हे चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगायचा की टपरीवाल्यालाही ते विमान पाठ झालं होतं.

भादव्यात एका सुट्टीच्या दिवशी विलास माझ्या शेडात आला. हातात मोठी पिशवी. बसला आणि पायाच्या अंगठ्यानं भुशात रेघा मारायला लागला.

"काय रे, बेंगलोरची हवा मानवली न्हाई व्हय?" मी आपली थट्टा केली.

"चाचा, मी बेंगलोरला न्हाईच."

"बदली झाली?"

"कधी न्हवतोच. मुलाखतीत पाडलं मला. हुबळीत एका लॉजवर काउंटरला बसतोय. पत्रं बेंगलोरच्या एका दोस्ताच्या पत्त्यावरनं जातात-येतात. दीड वर्ष झालं."

"आयला! आणि ते विमान?"

"माझ्याच डोक्यातलं."

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. त्याला लहानपणापासून बघितलेला. पण तो रडायला लागला, आणि सव्वीस वर्षांचा बाप्या रडायला लागला की हात उचलत नाही. म्हणाला, "मागल्या खेपेला दादा म्हणाले, डोळ्यांनी तर आता बघायचं न्हाई, हाताला तरी लागू दे तुझं विमान. कंपनीत नमुना असतोय म्हणं, एक घेऊन ये. मी व्हय म्हणून बसलो. तेवढा नमुना करून द्या, चाचा. मग मी बघतो काय करायचं ते."

"खरं सांगून टाक की गाढवा. बाप हाय तो, खातोय का तुला?"

"सांगणार हाय. पण आधी ह्यो दसरा त्यांचा आनंदात जाऊ दे. तुम्ही कुणाला बोलायचं न्हाई. शब्द द्या."

मी शब्द दिला. का दिला ते सांगतो, लपवून काय उपयोग. बोलता बोलता त्यानं पिशवीतनं मुंबईहून आणलेली तीन खोकी काढली. परदेशी खेळणी, आत प्लॅस्टिकच्या विमानाचे सुटे भाग, जोडून विमान करायचं. पंखाच्या पातळ पत्र्यावर एवढ्याएवढ्या रिबिटांची टिकल्या लावल्यासारखी रांग! मी असलं काम जन्मात पाहिलं नव्हतं. पोराचं रडणं एका कानावर पडत होतं आणि माझे डोळे त्या खोक्यात. दुसऱ्या कुणाचं विमान जसंच्या तसं जोडून चालणार नव्हतं. पत्रातलं विमान जगात नव्हतं, आणि ते तीन विमानांची मोडतोड करून आपण उभं करायचं, ह्या विचारानंच हाताला खाज सुटली. त्या पोराची दया आली म्हणून मी शब्द दिला असं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे.

चार सुट्ट्या लागल्या. पहिल्याच दिवशी अडलं. एक विमान खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, दुसरं अठ्ठेचाळिसाव्या. ह्याचं चाक त्याच्या डोक्याएवढं. बसायची काच एका लढाऊ विमानाची घेतली, तर तिच्यासोबत आलेला बाहुला वैमानिक मावेना. शेवटी त्याचे पाय गुडघ्यापासून कापले आणि आत बसवला. पंख घेतले एका बाँबफेक्या विमानाचे. सवयीप्रमाणं जोरात कानस मारली, तर प्लॅस्टिक तापून ओघळलं आणि एक पंख टोकाला वाकडा झाला. मग तेवढं टोक कापलं आणि दुसऱ्याचंही तेवढंच. शेपट्या जोडायला दोन लांब दांड्या पाहिजे होत्या. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याकडनं जुन्या लाकडी कांड्या मागवल्या, ज्यांच्यावर आडव्या बाण्याचं सूत गुंडाळतात त्या. निमुळत्या, गुळगुळीत, जणू त्याच कामासाठी केलेल्या. चाकांच्या वर इंजिनाच्या पंपातल्या दोन बारीक स्प्रिंगा.

पोटाला मात्र तिन्ही खोक्यांतलं काही जमेना. ते मी सागवानात केलं. दोन फाळ्या, मधे लाकडी खुंट्या, वरनं पुट्टी, पॉलिश पेपर, मग ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडनं पिवळा फवारा. विलास दर सुट्टीला घरच्यांना न कळवता हुबळीहून यायचा, पत्रांतली वाक्यं आठवून सांगायचा आणि मी त्याप्रमाणं कापायचो. शेवटच्या दिवशी मी सगळीकडनं नख फिरवून बघितलं. लाकूड कुठं संपतं आणि प्लॅस्टिक कुठं लागतं, सांगता यायचं नाही. गल्लीत एक रिटायर सुभेदार होते, विमानतळावर नोकरी केलेले. विलासला त्यांची धास्ती. मी म्हणालो, "येऊ दे तुझा सुभेदार. त्याचा बाप आला तरी ओळखायचा न्हाई." इतकी मिजास होती मला.

खंडेनवमीला दत्तूदादाच्या घरात हत्यारं पुजली जायची. थापी, ठोकणी, चाळण, सगळं पाटावर मांडलेलं. विलासनं विमान आणून मधोमध ठेवलं. शेजारपाजार गोळा झाला. वहिनींनी विमानाला हळदकुंकू लावलं. सुभेदारांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "असलं विमान म्या कवाच बघितलं न्हाय. नवीनच हाय." विलासनं माझ्याकडं बघितलं. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

मग दत्तूदादानं विमान मांडीवर घेतलं. पंखावर हात फिरवला. काचेवर, शेपट्यांवर फिरवला. तोंडभर हसू. हात पोटाकडं आला. एकदा वरनं खाली गेला. परत गेला. मग दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंना लावून थांबला. हसू तसंच होतं, पण तो हलेना. आणि मग त्यानं ते विमान पाटावर ठेवलं, पोटाला दोन्ही बाजूंनी हलक्या टिचक्या मारल्या आणि नाकासमोर सरळ वर उचललं.

उतार! मी विमानाला उतार दिला होता. ज्या वस्तूला जन्मात वाळूत जायचं नव्हतं, तिला मी झोपेत चालल्यासारखा उतार देऊन बसलो होतो. अठरा वर्षं ज्याच्या हाताखालनं माझा उतार गेला, त्याच्याच हातात नेऊन दिला होता.

"शाब्बास," दत्तूदादा म्हणाला. "कुणी केलं म्हणायचं हे, विलास?"

"आमच्या खात्यानं, दादा. सगळ्यांनी मिळून."

"चांगलं हाय खातं," दत्तूदादा म्हणाला आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

विलास दोन दिवसांनी गेला. बेंगलोरला, असं सांगून. चौथ्या दिवशी दत्तूदादा काठी टेकत एकटा माझ्या शेडापर्यंत आला. बसला. म्हणाला, "सागवान हाय न्हवं?"

मी रंधा हातात घेतला.

"अरं बोल की. उतार तुझाच हाय. ते इमान वाळूतनं सुखानं निघंल. बेंगलोरवाल्यास्नी उतार कशापायी लागतोय?"

मी सगळं सांगितलं. हुबळी, लॉज, काउंटर. ओरडेल, काठी घालेल असं वाटलं होतं. घातली असती तर बरं झालं असतं. पण तो नुसता म्हणाला, "मला कळलंय ह्ये त्याला सांगू नगंस. त्याच्या तोंडनं येऊ दे. आज न्हाई उद्या सांगंल. सांगितलं की म्हणीन, ये घरी. दुसरं काय म्हणणार मी?"

"दादा, मीच लिहितो त्याला."

"न्हाय. बोलवून खरं काढायचं, ती चौकीतली कबुली झाली. शब्द दे."

दिला. काय करणार? आता माझे दोन शब्द झाले, एक पोराला, एक बापाला. पोराचा तर मोडलाच होता, आता बापाचा पाळणारा मी मोठा सच्चा माणूस.

आणि मग ती पत्रं सुरू झाली. पूर्वी दत्तूदादा स्वतः वाचायचा, डोळे गेल्यावर सुभेदार वाचायचे. आता तो म्हणाला, पत्र आलं की दस्तगीरच वाचंल. परक्याच्या तोंडनं त्याला ते ऐकवेना. पंधरा दिवसांनी एक पत्र. मी खुर्चीवर बसून वाचायचो: विमानाची चाचणी झाली, पंखा बदलला, दिल्लीहून साहेब आले, माझं नाव घेतलं. वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या, खरं समजून ऐकणाऱ्या त्या एकट्याच. दत्तूदादा डोळे मिटून बसायचा. प्रत्येक पत्राच्या शेवटी जरा पुढं वाकायचा. आता येईल, ह्या ओळीत येईल, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. मी "तुमचा विलास" म्हणालो की परत मागं टेकायचा. "लिही," म्हणायचा, "शाब्बास म्हणावं. सुट्टी काढून ये म्हणावं, बोलत बसू." ही उत्तरं तो मला सांगायचा आणि मी वहिनींच्या भाचीच्या हातनं लिहवून घ्यायचो, कारण माझं अक्षर विलास ओळखायचा.

दोन वर्षं असं चाललं. विलास सणाला यायचा, दोन दिवस राहायचा, विमानावरची धूळ पुसायचा, जायचा. बापलेक जेवायला शेजारी बसायचे आणि मी समोर. दोघांच्याही मनातलं एकट्या मला ठाऊक. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर सुटलं असतं. 'तुझ्या बापाला माहीत आहे, ये.' एवढंच. एकदा लिहिलंही होतं. पत्ता घातला होता. पण शब्द दिलाय, म्हणून फाडलं. आज विचार करतो, असल्या शब्दाला काय चाटायचं होतं का?

पावसाळा संपता संपता दत्तूदादाच्या पायाची जखम चिघळली. दवाखान्यात आठ दिवस. मी म्हणालो, "दादा, आता तरी बोलवतो."

"आजारी हाय म्हणून कळीव. दुसरं काय लिहू नगंस."

मी तसंच कळवलं. विलासचं पत्र आलं की चाचणीचे दिवस आहेत, चार दिवसांत निघतो. मला वाटतं, त्याला यायची भीती वाटली असणार. ते पत्र मी दवाखान्यात वाचून दाखवलं. दत्तूदादा पुढं वाकायला गेला, पण वाकवेना. त्याच रात्री तो गेला. मी हुबळीला तार केली.

विलास रक्षाविसर्जनाला पोचला. नदीवरनं परतताना माझ्याशेजारी चालत होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "चाचा, एक बरं झालं. त्यांना शेवटपर्यंत कळलं न्हाई. समाधानात गेले."

इथं मी गप्प बसायचं की बोलायचं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण दत्तूदादा गेला होता, शब्द कुणासाठी पाळायचा? आणि त्याला राग नव्हता हे तरी पोराला कळायला पाहिजे, असं वाटलं. मी म्हणालो, "कळलं होतं. खंडेनवमीलाच."

तो थांबला.

"रागावला न्हवता रे. तू सांगशील म्हणून वाट बघत होता. ये घरी म्हणणार होता."

"पत्रं कोण वाचत होतं? सुभेदार न्हवं?"

"मी."

"सगळी?"

"सगळी."

"आनि दादा?"

"ऐकायचा."

तो पुढं चालायला लागला. घरी आला, आईच्या पायावर डोकं ठेवलं, ड्युटीवर हजर व्हायचंय म्हणाला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. मी स्वतः हुबळीला जाऊन आलो. लॉजवाला म्हणाला, हिशोब घेऊन गेला, कुठं ते माहीत नाही. आणखी दोनदा गेलो. दोन ओळी ऐन वेळी लिहिल्या नाहीत आणि चार ओळी नको त्या वेळी बोललो. माझ्या धंद्यात असं काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं.

वहिनी रोज विचारायच्या, "भावजी, पत्र आलं का?" तीन महिने मी न्हाई म्हणालो. चौथ्या महिन्यात एक पत्र घेऊन गेलो. जुनी सगळी माझ्याकडंच होती. त्यातलं एक वाक्य इथलं, एक तिथलं, मधे माझं थोडं भरलं. वहिनींना लिहितावाचता येत नव्हतं. साहेब खूश आहेत, काम फार आहे, सुट्टी मिळत नाही. खाली "तुमचा विलास". त्या दिवशी वहिनी पोटभर जेवल्या असं शेजारीण म्हणाली. मग महिन्याला एक असं सुरूच राहिलं. वर्ष झालं, दोन झाली. हात बसत गेला तशी मी माझ्या पदरचंही घालायला लागलो.

एकदा मी वाचत होतो, "आई, तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस. थंडीत पाय शेकत जा." वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "विलास मला कवा गुडघ्याचं इचारत न्हवता, भावजी."

कागद हातात तसाच. वर बघायची छाती होईना. त्यांनी दोन खडे वेचले, बाजूला टाकले.

"थांबलासा का?" त्या म्हणाल्या. "वाचा की. आनि काय म्हंतोय?"

कागदावरचं संपलं होतं. मी तसाच वाचत राहिलो.